वास येईनासा होतो तेव्हां



पांच ज्ञानेंद्रियांपैकीं एक सोडून द्यावयाचें आहे, कोणतें देतां, असा प्रश्न कोणीं आपणांस केला तर आपल्यांतील बहुतेक जण फारसा विचार न करतां नाकाकडे बोट दाखवतील. डोळे कोण देईल ? कान दिले तर हें भाषण तरी कशानें ऐकावयाचें ? नाक देण्याची तयारी असते ती अर्थात् आंतल्या घ्राणशक्तीची. बाहेरचें नाक देण्यास कोणीच राजी व्हावयाचा नाहीं, कारण तें चेहऱ्याचा मान आहे. आपल्या मराठी भाषेचेंच पाहा. नाक वर करणें, नाक कापणें, नाक घासणें, नाक मुठींत धरून जाणें, नाकानें कांदे सोलणें—नाकावर इतके वाक्प्रचार बसलेले आहेत, पण त्यांतील एकहि नाक वास घेत नाहीं. अब्रू, गर्व, शरणागति हीं सर्व कामें आपण नाकाला लावून दिलीं आणि त्याचें स्वतःचें काम विसरून गेलों. एका जागीं मात्र भाषेला त्याची आठवण राहिली आहे. एखाद्याला एखाद्या गोष्टीची काडीइतकीहि माहिती नसली म्हणजे आपण म्हणतों, 'त्याला त्याचा गंधहि नाहीं.' ज्ञानाचा अगदीं पहिला, अगदीं बारीक अंश म्हणजे गंध, असें ज्या कोणा पूर्वजाला वाटलें, त्याला माझ्यासारखा अनुभव आला होता कीं काय, असें मला अलीकडे वाटूं लागलें आहे.

मी लग्न होऊन मालवणास आलें त्याला चाळीस वर्षें होऊन गेलीं. घर दांडीच्या किनाऱ्यापासून हांकेच्या अंतरावर आहे. किनाऱ्यावर गेलें कीं समोर पाण्यांत सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट. अशा घराला वासाचें एक घड्याळ असतें. पहांटे ओल्या जाळ्यांचा आणि किनाऱ्यावर आलेल्या शेवाळाचा वास, मग उकड्या तांदळाच्या पेजेचा, दुपारच्या आधीं भाजल्या कांदा-खोबऱ्याचा, दिवेलागणीस धुपाचा. वैशाखांत माळ्यावर पेंढ्यांत घातलेल्या आंब्यांची अढी. श्रावणांत हळदीच्या पानांत उकडलेले पातोळे. दिवस कोठवर आला आणि महिना कोणता चालला आहे हें पंचांग न उघडतां कळावें, असा तो सारा व्यवहार. आपल्याला हें नाकानें कळतें आहे याचा विचार करण्याची पाळी मात्र कधीं आली नव्हती.

२०२१ च्या एप्रिलमध्यें करोनाच्या दुसऱ्या लाटेंत आमच्या घरीं सगळींच आजारी पडलीं. माझा ताप चार दिवसांत उतरला. पांचव्या दिवशीं सूनबाईनें पेज आणि सुकटीची किसमूर पुढें ठेवली. भाजलेल्या सुकटीचा वास कसा असतो हें मालवणी माणसास सांगावयास नको. शेजारच्या घरांतील माणूस त्यानें दारांत येऊन उभा राहतो. मीं ताटली नाकापर्यंत उचलली, आणखी जवळ नेली, आणि कांहींच आलें नाहीं. वास मंद झाला होता असें नव्हे, नाक चोंदलें होतें असेंहि नव्हे. श्वास मोकळा चालला होता. हवा आंत जात होती आणि रिकामीच परत येत होती.

असें होतें हें एव्हांना सर्वांस माहीत झालेलें होतें. आदल्या वर्षीं, १३ जून २०२० रोजीं, केंद्रीय आरोग्य मंत्रालयानें वास किंवा चव जाणें हें या रोगाच्या लक्षणांत समाविष्ट केलें होतें. त्यामुळें घरांत कोणी घाबरलें नाहीं. सगळ्यांचाच वास गेला होता. मुलाचा आठ दिवसांनीं आला, सूनबाईचा तीन आठवड्यांनीं. माझा आला नाहीं. जेथवर तो सर्वांचा गेला होता तेथवर तो आजार होता. एकटीचा राहिला तेव्हां तो हळूहळू माझा स्वभाव मानला जाऊं लागला.

याची थोडी शरीरशास्त्रीय हकीकत सांगतें. नाकाच्या पोकळीच्या अगदीं वरच्या छताला, दोन डोळ्यांच्या मधोमध, टपाल तिकिटाएवढा त्वचेचा एक तुकडा असतो. त्यांत वास ओळखणाऱ्या लक्षावधि पेशी असतात आणि त्यांचे बारीक तंतु वरच्या चाळणीसारख्या हाडांतील छिद्रांतून थेट मेंदूंत शिरतात. मेंदूचा तंतु आणि बाहेरची हवा यांमध्यें येथल्याइतकें थोडें अंतर शरीरांत दुसऱ्या कोठेंहि नसेल. करोनाच्या विषाणूनें या वास ओळखणाऱ्या पेशींवर थेट हल्ला केला असें प्रथम वाटलें होतें. पुढें संशोधकांस असें दिसलें कीं तो शिरतो तो त्यांच्या भोंवतीं आधारासाठीं असलेल्या पेशींत. घराचे खांब ढांसळावे आणि आंतला माणूस निरुपाय होऊन बसावा, तसा हा प्रकार. चांगली गोष्ट एवढीच कीं वासाच्या पेशी आयुष्यभर नव्यानें निर्माण होत असतात; म्हणून बहुतेकांचा वास परत आला. परंतु नव्या पेशींचे तंतु पुन्हां आपल्या ठरलेल्या जागीं नीट पोंचतीलच असें नाहीं. तेथें घोटाळा झाला म्हणजे काय होतें तें पुढें सांगेन.

अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह आपल्यापैकीं कांहींनीं विद्यार्थिदशेंत वाचला असेल. त्यांत रूपें सात सांगितलीं आहेत, रस सहा सांगितले आहेत, आणि गंध मात्र दोनच : सुरभि आणि असुरभि. नाकाला इतकें स्वस्तांत निकालांत काढल्याबद्दल त्या थोर पंडितांवर माझा किंचित् राग आहे. १९९१ सालीं लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनीं वास ओळखणाऱ्या ग्राहकांचा मोठा जनुकसमूह शोधून काढला, त्याबद्दल त्यांना २००४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, आणि माणसाच्या नाकांत असे सुमारें ४०० प्रकारचे ग्राहक काम करितात हें आतां कळलें आहे. एकेक वास म्हणजे त्यांतील अनेकांचा एकाच वेळीं वाजलेला मेळ. सहा रसांच्या गणतीकडे पाहिलें तर तीहि आतां थोडी निराळी मांडावी लागते. गोड, आंबट, खारट आणि कडू हे जिभेचे खरेच. पण तिखट ही चव नव्हे, ती तोंडाच्या कातडीला लागणारी आग आहे. आणि तुरट म्हणजे तोंड आवळल्याचा स्पर्श. राहिलेलें सगळें—जिऱ्याला जिरें आणि वेलदोड्याला वेलदोडा करणारें जें कांहीं आहे तें—नाकाचें. घांस चावतांना त्यांतील वास घशाच्या मागल्या वाटेनें वर नाकांत जातो आणि आपण त्याला जिभेची चव समजतों.

खरें वाटत नसेल तर आज जेवण झाल्यावर हा प्रयोग करा. डोळे मिटून, नाक चिमटींत घट्ट धरून, चिमूटभर बडिशेप तोंडांत टाका आणि चावा. थोडें गोड, थोडें भुशासारखें कांहींतरी लागेल. मग नाक सोडा. त्या क्षणीं जें तोंडांत उघडेल तेवढें सर्व माझ्यापासून गेलें होतें.

मालवणी जेवणाच्या बाबतींत हा हिशेब मोठा चमत्कारिक झाला. मिठाला माझ्या लेखीं कांहीं झालें नव्हतें. मालवण हें नांवच 'महालवण' यावरून आलें असें कांहीं जण सांगतात, तें मला या दिवसांत वारंवार आठवे. आमसुलाचा आंबटपणा जागच्या जागीं होता. मिरचीची आग होती. आणि सर्वांत आश्चर्य म्हणजे तिरफळ होतें. मुंबई-पुण्याकडील श्रोत्यांसाठीं सांगतें : तिरफळ हें मिऱ्याहून थोडें मोठें, उकललेलें, खरबरीत फळ असतें, आंतली काळी बी टाकून टरफल ठेंचून बांगड्याच्या किंवा तारल्यांच्या तिखल्यांत घालतात. त्याला लिंबाच्या सालीसारखा वास आहे, तो माझा गेला. परंतु तें ओठांवर आणि जिभेवर जी बारीक झिणझिणी आणतें, ती वासाच्या नव्हे, चेहऱ्याच्या स्पर्शाच्या मज्जातंतूवाटें कळते. ती जशीच्या तशी राहिली. सोलकढी म्हणजे आंबट गुलाबी पाणी झाली होती, हापूस म्हणजे गोड मऊ गर झाला होता—डोळे मिटून खाल्ला तर उकडलेला भोपळा आणि देवगडचा हापूस यांत मला फरक सांगतां आला नसता—पण तिरफळ घातलेलें तिखलें तोंडांत जिवंत लागे. त्या दिवसांत मी जेवलें असेन तर त्या तिरफळावर.

जेवण हा सुखाचा भाग झाला, आणि सुखाशिवाय माणूस राहूं शकतें. अडचण सुरू झाली ती बाजारांत. बांगडा ताजा आहे कीं कालचा, हें आमच्याकडे बाई नाकानें ठरविते. समुद्रांतल्या माशाच्या अंगांत एक वासहीन द्रव्य असतें. मासा मेल्यावर जंतु त्याचें रूपांतर करूं लागतात आणि त्यांतून ती आमच्याकडे जिला हिंवसाण म्हणतात ती निर्माण होते. पहिल्या तासांतला समुद्राचा वास आणि सहाव्या तासांतली हिंवसाण यांमधील पायऱ्या नाकाला अचूक कळतात. मासेवाली ओळखीची, ती आपली नेहमीप्रमाणें म्हणाली, "वैनी, ताजो असा, नाकाक लावन बघा!" मीं तो बांगडा नाकाला लावला, आणि तिच्या समाधानासाठीं मान डोलावली. चाळीस वर्षें ज्या बाजारांत माझ्या मानेला किंमत होती तेथें ती त्या दिवशीं नुसती हलली.

मग मीं डोळ्यांना आणि बोटांना ती विद्या शिकवली. डोळा फुगीर व स्वच्छ पाहिजे, आंत बसलेला नको. कल्ले उचलून पाहावे, ते लाल पाहिजेत. पाठीवर बोट दाबलें तर खळगा लगेच भरून आला पाहिजे. हें सर्वांनींच शिकून ठेवण्याजोगें आहे, कारण नाक शाबूत असलें तरी बांगड्याच्या बाबतींत तें एके ठिकाणीं फसतें. बांगडा उन्हांत बराच वेळ राहिला तर त्यांत हिस्टमीन नांवाचें द्रव्य तयार होतें. त्यानें तोंड लाल होणें, अंगावर गांधी उठणें, डोकें दुखणें असे प्रकार होतात. त्याला वास असेलच असें नाहीं आणि तें शिजवून जातहि नाहीं. बर्फावर ठेवलेला मासा घेणें हाच त्यावर उपाय.

घरांत नाकाची याहून मोठी चाकरी असते, ती पहारेकऱ्याची. ती आपल्या लक्षांत येत नाहीं, कारण चांगला पहारेकरी बोलत नाहीं. दूध उतूं जाण्यापूर्वीं, डाळ लागण्यापूर्वीं, विजेच्या तारेचें रबर जळूं लागतांच तो हांक मारतो. शिळ्या नारळाचा खवटपणा, कालच्या आमटीचा आंबूसपणा, पावसाळ्यांत पिठाला आलेला कुबट वास—यांवर आमच्यासारख्या दमट हवेंत घराचें आरोग्य चालतें. आणि स्वयंपाकाचा गॅस ! त्याला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. तो गळतो आहे हें कळावें म्हणून त्यांत एथिल मर्कॅप्टन नांवाचें अति दुर्गंधी द्रव्य मुद्दाम मिसळतात. १८ मार्च १९३७ रोजीं अमेरिकेंत टेक्सासमधील न्यू लंडन या गांवीं शाळेच्या तळघरांत बिनवासाचा नैसर्गिक वायु सांठून स्फोट झाला आणि सुमारें ३०० जण, बहुतेक सगळीं मुलें, मरण पावलीं. त्यानंतर वायूला वास लावण्याचे कायदे झाले. म्हणजे त्या दुर्गंधामागें एवढा इतिहास आहे, आणि ज्याचें नाक गेलें त्याच्यासाठीं तो गंध पुन्हां नाहींसा झालेला असतो. ज्या घरांत असा माणूस एकटा राहतो तेथें गॅस गळतांच कर्कश आवाज करणारें यंत्र बसवून घ्यावें, आणि तें भिंतीवर उंच न बसवतां खालीं जमिनीजवळ बसवावें, कारण सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षां जड असून तळाशीं पसरतो. आमच्या घरीं तें माझ्या मुलानें बसविलें. हिंगाच्या डबीचें झांकण उघडें राहिलें तरी ओरडणारी मी. आतां माझें काम तें यंत्र करितें, याची मला बरेच दिवस लाज वाटत असे.

लाज हा शब्द मीं चुकून वापरलेला नाहीं. अंधत्वाला काठी असते, बहिरेपणाला कानांतलें यंत्र असतें. या व्यंगाला बाहेरून कांहींच दिसत नाहीं. माणूस धडधाकट, बोलतो, चालतो, जेवतो. मग तो उगीच कुरकुर करितो असें घरच्यांस वाटावें यांत नवल नाहीं. "जिभेवर चव नाहीं म्हणजे अजून अशक्तपणा आहे," असें घरचे म्हणत, "वय झालें," असें शेजारीण म्हणे, "वासच गेला ना? डोळे नाहींत ना गेले ?" असें सांत्वन तर सर्वांनींच केलें. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, त्यांत २१ प्रकारचीं व्यंगें मोजलीं आहेत. घ्राणशक्ति नसणें हें त्यांत नाहीं. तें असावें असा माझा हट्ट नाहीं. परंतु जें कायद्यांतहि नाहीं आणि चेहऱ्यावरहि नाहीं, तें घरच्या माणसांनीं तरी सांगितल्यावर खरें मानावें, एवढें मागणें वाजवी आहे.

आणि हीं माणसें करोनाच्या आधींहि होतीं. माडावरून किंवा आंब्यावरून पडून डोक्याला मार बसला तर त्या चाळणीच्या हाडांतून जाणारे तंतु तुटतात, आणि जखम बरी झाल्यावर मागें वास न येणें राहतें. नाकांत कोंब वाढून वाट बुजते. त्याला औषध व शस्त्रक्रिया आहे, म्हणून डॉक्टरांना दाखवल्यावांचून स्वस्थ बसूं नये. साठी-सत्तरीनंतर पुष्कळांचें नाक आपोआप मंद होतें. म्हातारीं माणसें आमटींत मीठ कमी म्हणून तक्रार करितात त्यांतील बरीचशी तक्रार मिठाविषयीं नसते, आणि मीठ वाढवून देणें रक्तदाबाला परवडत नाहीं. कंपवाताच्या कांहीं रोग्यांत तर हात कांपूं लागण्याच्या कित्येक वर्षें आधीं वास कमी झालेला असतो. क्वचित् कोणी जन्मतःच असें असतें. इंग्रज कवि वर्ड्स्वर्थ, ज्याच्या फुलांवरच्या कविता आपण शाळेंत पाठ केल्या, त्याला वास येत नसे असें त्याच्या पुतण्यानें १८५१ सालीं प्रसिद्ध केलेल्या त्याच्या चरित्रांत नमूद आहे. फुलांच्या सुवासाविषयीं तो इतरांच्या सांगण्यावरून लिहीत असे. हें वाचलें तेव्हां मला त्याच्याविषयीं आदर वाटला, आणि थोडा हेवाहि वाटला, कारण ज्याला वास कधीं नव्हताच त्याला आठवणारें कांहीं नव्हतें.

आठवणीचा भाग सांगणें कठीण आहे. इतर इंद्रियांची वार्ता मेंदूंत एका मधल्या ठाण्यावरून पुढें जाते. वासाची वार्ता मात्र तो वळसा न घेतां भावना आणि स्मृति यांच्या जागीं पोंचते. म्हणून एखाद्या वासासरशीं माणूस चाळीस वर्षें मागें जातें. माझें माहेर वेंगुर्ले तालुक्यांत आरवलीच्या बाजूला. तिकडे फाल्गुन-चैत्रांत सुरंगी फुलते. झाडावर चढून पहांटेच, उमलण्यापूर्वीं, कळे काढावयाचे आणि त्यांचे वळेसर करून बाजारांत पाठवावयाचे. सुरंगीचा वास गोड आहे, जड आहे, आणि सुकल्यावरहि जात नाहीं. आईच्या पेटींत लुगड्यांच्या घडींत सुकलेला वळेसर असे. आई जाऊन बरींच वर्षें झालीं. तिचा फोटो आहे. तो पाहिला तर मला फोटोंतली आई आठवते. पेटी उघडली तर ती स्वतः येई. आतां पेटी उघडली तर पेटी उघडते.

पूजेचेंहि तसेंच. पंचोपचार म्हणजे गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य. देवासाठीं केलेल्या या पांच गोष्टींतील तीन तरी नाकाच्या आहेत, आणि त्यांतील पहिलीचें नांवच गंध. देवाला तीं पोंचत असतील. मला फक्त दीप उरला होता.

त्याच वर्षीं श्रावणांत आमच्या घरीं नात झाली. आमच्याकडे बाळाला तेल लावून न्हाऊं घातल्यावर शेगडीवर ओवा आणि धूप टाकून त्याची धुरी देतात, आणि मग बाळाला आजीच्या मांडीवर ठेवतात. टाळूला नाक लावावें आणि तो वास घ्यावा, हा आजीचा हक्क. मीं नाक लावलें. टाळूची ऊब कळली, खालचें बारीक स्पंदन कळलें. घरांत सगळीं म्हणत होतीं, काय वास आहे बाळाला ! मी त्यांच्या बरोबर हो म्हटलें. त्या रात्रीं मीं सूनबाईला प्रथमच सगळें सांगितलें : कीं स्वतःच्या अंगाला घामाचा वास येतो कीं काय या भीतीनें मी दिवसांतून तीनदां स्नान करितें, कीं भाजी फोडणीस टाकतांना मला भिंतीशीं बोलल्यासारखें होतें, आणि बाळाचा वास मला ठाऊक नाहीं. ती कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवसापासून मासे नाकाला लावून पाहण्यास ती माझ्याबरोबर बाजारांत येऊं लागली.

ऑगस्टच्या शेवटीं वास येऊं लागला, आणि तो न आला असता तर बरें असें वाटावें असा आला. मघां ज्या घोटाळ्याचा उल्लेख केला तो हा. नवे तंतु भलत्या जागीं जोडले गेले म्हणजे ओळखीचे वास विकृत होऊन येतात, आणि असें बहुधा आजारानंतर दोन-तीन महिन्यांनीं सुरू होतें. कॉफी, कांदा, लसूण, भाजलेले पदार्थ यांचा त्रास बहुतेकांस अधिक होतो. आतां मालवणी स्वयंपाक म्हणजे भाजलेला कांदा आणि भाजलेलें खोबरें यांचें वाटप. तेंच त्याचें बीज. तें वाटप तव्यावर तांबूस होऊं लागलें कीं मला सडलेल्या पाल्यांत जळकें रबर मिसळावें तसा वास येई. माझ्याच घरांत, माझ्याच चुलीपाशीं, माझ्या सासूबाईंनीं मला हातांत हात धरून शिकवलेल्या वाटपापासून मी पदर नाकाला लावून अंगणांत पळत असें. पूर्वीं कांहींच येत नव्हतें तेव्हां मी जेवत तरी होतें. त्या तीन महिन्यांत माझें वजन सहा किलोनीं उतरलें.

डॉक्टर म्हणाले कीं हें चिन्ह वाईट नव्हे, तंतु वाढताहेत. त्यांनीं नाकाची तालीम सांगितली. ही पद्धति जर्मनींत ड्रेस्डेन येथें थॉमस हुमेल व त्यांचे सहकारी यांनीं तपासून २००९ सालीं प्रसिद्ध केली. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी असे चार वास घ्यावयाचे. सकाळीं एकदां, रात्रीं एकदां. प्रत्येक वास सुमारें दहा सेकंद, मन लावून, तो पूर्वीं कसा होता हें आठवीत. आणि असें निदान बारा आठवडे. ज्यांनीं हें केलें त्यांचें नाक न करणाऱ्यांपेक्षां अधिक सुधारलें. जादूची गोष्ट नाहीं, सर्वांनाच गुण येतो असेंहि नाहीं. पण खर्च नाहीं आणि अपाय नाहीं. मीं निलगिरीच्या जागीं जायफळ घेतलें, कारण तें अंगणांतच आहे. वास 'आठवावयाचा' म्हणजे काय, हें पहिले पंधरा दिवस मला उमगेना. रिकाम्या बाटलीवर नाक ठेवून बसलेली मी नातीला फार विनोदी वाटत असें.

लवंग सातव्या आठवड्यांत आली, प्रथम नुसती टोंचणी म्हणून आणि मग लवंग म्हणून. लिंबू त्यामागून. गुलाब अद्याप आलेला नाहीं. जायफळ कधीं येतें, कधीं नाहीं. भाजल्या कांद्याचा तो भयंकर वास पुष्कळ कमी झाला आहे, पण गेलेला नाहीं. म्हणून आमच्याकडे आतां दोन वाटपें होतात, एक भाजक्या खोबऱ्याचें आणि एक ओल्या नारळाचें, कच्च्या कांद्याचें. ओल्या नारळाच्या वाटपांत तिरफळ घालून केलेलें तारल्यांचें तिखलें मुलालाहि आवडूं लागलें आहे, असें तो सांगतो. खरें किती आणि माझ्यासाठीं किती, हें मीं विचारलेलें नाहीं. बाजारांत आम्ही दोघी जातों. कल्ले मी पाहतें, वास ती घेते, आणि भाव दोघी मिळून पाडतों.

सूनबाईनें तालमीची एक वही ठेवली आहे. तींत तारीख, वास, आणि समोर 'नाहीं', 'थोडा', 'आला' असे शेरे आहेत. गेल्या फाल्गुनांत माहेराहून सुरंगीचा वळेसर आला. नातीनें तो माझ्या नाकाशीं धरला आणि ती डोळे मोठे करून पाहत राहिली. कांहींतरी आलें. पेटींतला तो वास नव्हता, आंबट मधासारखें दुरून कांहीं होतें, आणि दुसऱ्या श्वासाला तें गेलें. वहींत त्या दिवशीं 'सुरंगी—थोडी' असें लिहिलेलें आहे.